विसण

फोन आला तो लिस्बनहून, मुलीचा:
लोटलीला पप्पा एकटेच असतात,
सोलरचं पाणी फार कडक येतंय म्हणे, कामवाली सांगत होती,
जरा बघून ये.
मास्तर दारातच अडले.
"पाणी कडक? कोण म्हणतो?
मला तर थंड लागतं."

न्हाणीत गेले. नळ एक मिनिट सोडून दिला,
पेल्यात थर्मामीटर धरला. अठ्ठावन्न.
हाताने मी पाणी बघत नाही.
बारा वर्षं तापल्या पाइपांना धरून धरून
माझी बोटं थोडी थापाडी झालीत.

"हे पितळेचं काय असतं गो?"
काय सांगायचं.
एका बाजूने कढत शिरतं, दुसऱ्या बाजूने गार,
पोटात मेणाची कुपी:
तापली की फुगते, कढताची वाट अडवते,
निवली की आकसते, वाट सोडते.
आमच्याकडे हे काम आई करायची.
भाणातलं पाणी बादलीत, वर तांब्याने विसण,
मग कोपर बुडवून हाक, "ये."
"विसण," मास्तर म्हणाले,
आणि पुन्हा एकदा, हळू, "विसण."
त्यांच्या बायकोचा फोटो दिवाणखान्यात होता.
मी विचारलं नाही.

गाराचा कॉक बंद केला.
नियम असा: गार थांबलं की कढतानेही थांबायचं,
दोन श्वासांत.
थांबलं नाही. वाफाळत वाहत राहिलं.
कुपी अडकलेली.

दोन्ही कॉक बंद. पाना, नट, एक बारीकशी शिवी.
गाराच्या जाळीत जांभ्याचा तांबडा गाळ,
पोटात पांढरे खवले, बोअरच्या पाण्याचे.
"विनेगर आहे?"
आणला. माडाच्या सुरेचा, नाताळच्या सोरपोतेलसाठी राखलेला,
बाटली तिरकी करताना त्यांचा जीव जात होता.
जाळ्या, कुपी, स्प्रिंग,
सगळं लोणच्यासारखं वाटीत मुरत ठेवलं तासभर.

बसायला स्टूल दिलं म्हणून नजर खाली गेली.
घोट्याखाली कातडी लाल,
डाव्या अंगठ्यावर फोड, फुटून वाळलेला.
"हे कधी?"
"कोण जाणे. दुखत नाही."
साखर, अकरा वर्षं.

तेव्हा लक्षात आलं, व्हॉल्वचं टोपण नव्हतं,
आणि आतली खिट्टी पार शेवटाला नेलेली.
गाळ साचलाच असता, खवले धरलेच असते,
पण फिरवली होती त्यांनी,
चमच्याच्या दांड्याने, रोज थोडी थोडी,
पाणी अंगाला लागेपर्यंत.
ते लागलंच नाही.

जोडलं. मागे मागे आणत बेचाळीसवर थांबले.
गार बंद करून पाहिलं: कढतही थांबलं.
नवं टोपण, त्यावर कुलपी स्क्रू, चावी माझ्या खिशात.
फरशीवर पेन्सिलीने आजची तारीख, खाली आकडा.
थर्मामीटर खिळ्याला टांगला,
पावतीत धरला, एकशे ऐंशी.
"कुपी म्हातारी झालीय मास्तर, पुढच्या वर्षी बदलू."
"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, आणि सुटे पैसे मोजत बसले.

चौथ्या दिवशी फोन.
"बाय, उदक थंड आसा."
मी बोरीच्या पुलाअलीकडे स्कूटर बाजूला घेतली.
थर्मामीटर काय म्हणतो?
पावलं. दार. नळ.
चष्मा शोधायला पुन्हा पावलं.
"एकेचाळीस. थांब. बेचाळीस."
मग ते गरम आहे, मास्तर.

बराच वेळ नुसतं पाणी ऐकू येत राहिलं,
माझ्या मागून रेतीचे दोन ट्रक गेले.
"बरं," ते म्हणाले.
"गरम आहे तर."